दुसरी घडी

"पण मग बायका साडीला हात लावून परत का ठेवतात, मावशी?"

ओट्यावर बसून जमनामावशी जुन्या सदऱ्याची बटणं उसवत होती.

"रंग आवडतो, पोत आवडतो. आरशापुढे खांद्यावर टाकून बघतात. आणि मग ठेवून जातात. का?"

"..."

"मावशी, मी चार दिवस येतेय!"

"मी पण चार दिवस ऐकतेय," मावशी म्हणाली. "दमले."

अश्लेषा दातीरने बँकेतली नोकरी सोडून नाशकात दुकान काढलं होतं. नाव ठेवलं 'दुसरी घडी'. बायकांनी आपल्या न नेसलेल्या, कमी नेसलेल्या साड्या आणून ठेवायच्या. विकली गेली की दुकानाचा वाटा कापून उरलेले पैसे त्यांना मिळायचे. आणून ठेवणाऱ्या पुष्कळ होत्या. नेणारं कुणी नव्हतं. जागा ठेवायची की सोडायची, हे महिनाअखेर मालकाला सांगायचं होतं.

जमनामावशी बोहारीण. पन्नास वर्षं डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारोदार फिरली. स्टीलचा डबा द्यायचा, जुने कपडे घ्यायचे, ते धुऊन, शिवून बाजारात विकायचे. अश्लेषाच्या आईशी एकेका पातेल्यासाठी तासभर हुज्जत घातलेली. तिचा माल कधी पडून राहिला नाही, असं आईच सांगायची. म्हणून अश्लेषा तिच्या ओट्यावर येऊन बसली होती.

"मी सगळं केलं," अश्लेषा म्हणाली. "रोज फोटो टाकते. सणाला सूट दिली. हळदीकुंकू ठेवलं. दोनशे बायका आल्या, तिळगूळ खाऊन गेल्या!"

"चांगला होता का तिळगूळ?"

"मावशी!"

मावशीने सदरा बाजूला टाकला. "चल. दाखव तुझं दुकान."

* * *

दुकान देखणं होतं. पांढऱ्या भिंती, लाकडी मांडण्या, प्रत्येक साडीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.

मावशीने एक चिठ्ठी बोटात धरली. "काय लिहिलंय?"

"प्री-लव्ह्ड."

"म्हणजे?"

"म्हणजे... जुनी."

"मग जुनी का नाही लिहिलं?"

"बरं नाही वाटत ते."

"कुणाला?"

मांडणीवरून एक पैठणी काढून अश्लेषाने मावशीपुढे ठेवली. डाळिंबी रंगाची, हिरव्या काठांची.

"ही सगळ्यात भारी. सिडकोतल्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या, त्यांच्या सुनेने आणून दिली. पाच महिने झाले. सगळ्याजणी हिलाच हात लावतात."

मावशीने पदरावरून हात फिरवला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

अकराच्या सुमारास एक बाई आल्या. जांभळ्या इरकलीपाशी थांबल्या. "कुणाची हो ही?"

"आम्ही नावं सांगत नाही, मॅडम. नियम आहे आमचा."

"नाव नको हो. आपलं असंच... कुणाची?"

"सॉरी."

बाईंनी इरकल होती तशी ठेवली आणि गेल्या.

अश्लेषाने मावशीकडे बघितलं. मावशी पंख्याकडे बघत होती.

दुपारी मायलेकी आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी सरळ डाळिंबी पैठणीपाशी गेली आणि तिथून हलेना. आईने काठ उलटून बघितला, जर बघितली, मान डोलावली. मग आवाज खाली आणून विचारलं,

"गेलेल्या बाईची तर नाही ना?"

"छे हो," अश्लेषा म्हणाली.

"आहे," कोपऱ्यातून आवाज आला.

तिघींनी वळून बघितलं.

"म्हातारी वारली," मावशी म्हणाली. "सुनेने आणून दिली."

आईने हात असा मागे घेतला, जणू चटका बसला. "लग्नाच्या मुलीला मेलेल्या बाईची साडी देताय? आणि वर तोंडावर खोटं बोलता?"

तिने मुलीचा दंड धरला. जाताना दार इतक्या जोरात ओढलं, की काचेवर चिकटवलेला सवलतीचा कागद गळून पडला.

* * *

"तुम्ही माझं दुकान बुडवायला आलात का? पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणी काठ उलटून बघितला! पहिल्यांदा! आता ती बाई गावभर सांगेल. मी काय मूर्ख म्हणून तुम्हाला इथे आणलं? चार दिवस तुमच्या ओट्यावर बसले, एका प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाहीत, आणि इथे येऊन नको तिथे तोंड उघडलंत!"

मावशी उठली. पैठणीची घडी मोडली.

"नेस."

"काय?"

"ही साडी. नेस."

"मी? मी नाही नेसणार. मी कुणाचं जुनं अंगाला..."

अश्लेषा थांबली.

रस्त्यावरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला. मावशी साडी हातात धरून तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. उन्हात फार वेळ उभं राहिलेल्या माणसाचा असतो, तसा कंटाळा होता.

"बोल की पुढे," ती म्हणाली.

अश्लेषाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिने ओढणी काढून खुर्चीवर टाकली आणि हात बाजूला केले.

मावशीने कुर्त्यावरूनच साडी गुंडाळली. निऱ्या केल्या, खोचल्या, पदर खांद्यावर टाकला. तिची बोटं वाकडी झाली होती, पण एकही निरी चुकली नाही.

अश्लेषा आरशापुढे उभी राहिली. साडी जड होती. कमरेपाशी तिला एक जुनी, मऊ चुणी लागली, कुणाच्या तरी खोचण्याने पडलेली. तिने त्या चुणीवर हात ठेवला आणि किती तरी वेळ तो काढला नाही.

दार उघडलं. मघाची मुलगी एकटीच आली होती.

"आईला रिक्षात बसवून आले," ती धापा टाकत म्हणाली. मग तिचं लक्ष अश्लेषाकडे गेलं. "अरे... विकली का?"

"नाही," अश्लेषा म्हणाली. "ऐक... मघाशी मी खोटं बोलले. त्या बाई खरंच वारल्यात. गेल्या श्रावणात. कुलथे म्हणून होत्या."

"कशा होत्या त्या?"

अश्लेषाने तोंड उघडलं. जर किती, काठ किती बोटं रुंद, पदर किती लांब, एवढंच पाठ होतं.

"मी विचारलंच नाही," ती म्हणाली.

मग तिने फोन काढला. सुनेचा नंबर लावून आवाज मोठा केला.

"सासूबाईंबद्दल?" पलीकडून आश्चर्याचा आवाज आला. "का हो? साडीत काही निघालं का?"

"नाही, नाही. कशा होत्या, एवढंच विचारायचंय."

"खडूस होत्या," सून म्हणाली. "पिठाची गिरणी चालवायच्या, बावीस वर्षं. मला तर रोज बोलायच्या. पण वीज गेली तरी कुणाचं दळण दुसऱ्या दिवसावर नाही टाकलं. वीज येईपर्यंत डब्यांपाशी बसून राहायच्या. ती पैठणी त्यांनी स्वतः येवल्याला जाऊन आणली. कुणाला बरोबर नेलं नाही. नेसल्या तीनदाच. पीठ लागेल म्हणायच्या. मला ठेवायची होती हो... कपाट उघडलं की बघवत नव्हती. कोण घेतंय?"

अश्लेषाने मुलीकडे बघितलं.

"मी घेतेय," मुलगी फोनजवळ येऊन म्हणाली. "लग्नात नेसणार आहे. आईला आज रात्री समजावते. नाही ऐकलं तर भांडते."

"भांड," सून म्हणाली, आणि रडता रडता हसली. "त्यांना आवडलं असतं."

मुलगी उद्या येते म्हणून गेली.

अश्लेषा वळली. तिचे डोळे चमकत होते.

"म्हणजे उत्तर हे होतं तर, मावशी! खरं सांगायचं. प्रत्येक साडीबरोबर तिची गोष्ट लिहायची. चिठ्ठ्या बदलते. आजच छापायला टाकते. मोठ्या अक्षरात..."

मावशीने कपाळावर हात मारला आणि चपला पायात सरकवायला लागली.

"काय झालं? चुकलं का काही?"

"परत चिठ्ठ्याच?"

"बरं, थांबा तरी. आधी ही सोडते आणि नीट घडी घालून ठेवते. उकडतंय किती, उद्या गिऱ्हाईक यायचंय, घामाने डाग पडेल."

मावशी दारात थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझाही थोडा घाम लागू दे तिला."