राजाचा खलिता आणि जवसाची चटणी

दोष सगळा राजा प्रतापकेतूचाच! त्याच्या आज्यानं वाटसरूंसाठी, आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नछत्र घातलं होतं. नातवाला ते चालवायचं होतं, पण स्वतःच्या कोठाराची कडी न काढता. "प्रजेनं द्यावं," असं त्याचं म्हणणं. म्हणून छत्राच्या बातम्यांचा खलिता निघू लागला. ज्याला हवा त्यानं नाव घालायचं, की दर आठवड्याला खलिता घरपोच! निम्म्या नगरानं नावं घातली. फुकट ते पौष्टिक! लोक ओसरीवर बसून तो मोठ्यानं वाचत, "वा, वा!" म्हणत, आणि मूठभर जोंधळासुद्धा देत नसत.

खलिता लिहायचे म्हातारे प्रधान विरूपाक्षपंत. अर्धा राजाच्या पूर्वजांवर, उरलेला स्वतःवर. छत्रात जेवणाऱ्यांना त्यात जागाच उरत नसे. आणि घरोघर पोचवायचा निंबाजी. पाठशाळा अर्ध्यात सोडलेला, गुरुजींच्या मते पुरता वाया गेलेला. गुरुजींचं तेवढं एकच म्हणणं त्याला पटलेलं होतं.

एके दिवशी दरबारात वर्दी आली, की छत्रातलं धान्य संपत आलं.

"महाराज, खलिता आणखी लांब करू!" पंत म्हणाले.

दाराशी उभा असलेला निंबाजी फिस्सकन हसला.

"कोण रे तो? काय झालं हसायला?"

"खलित्यानं कुणाला पाझर फुटत असता, महाराज, तर आधी पंतांना फुटला असता! त्यांच्या घरून आलाय का कधी एक दाणा?"

पंत लालबुंद झाले. राजा खवळला. "फार अक्कल आहे ना? मग तूच कर! पुनवेच्या आत, नाव घातलेल्या झाडून सगळ्या घरांतून दान आलं पाहिजे. मागायचं नाही, धमकवायचं नाही, बक्षिसाचं आमिष दाखवायचं नाही. एक घर जरी चुकलं, तर छत्राची चूल विझवीन!"

निंबाजी स्वतःच्याच जिभेला शिव्या घालत घरी आला. चूल विझली तर पहिला उपाशी मरणार तोच. दोन्ही वेळचं तो छत्रातच गिळायचा. आणि दान? ते त्यानंही कधी दिलं नव्हतं. दुसऱ्यांना कंजूस म्हणायला मात्र सगळ्यांत पुढे!

तेवढ्यात शेजारच्या साळूकाकूंनी कुडापलीकडून हाळी दिली, "मेल्या निंबा, खरवस खाऊन किती दिवस झाले! माझी वाटी कुठाय?"

"देतो काकू, उद्या देतो!"

"उद्या उद्या करून जिरवलीस होय रे?"

"रिकामी कशी देऊ, काकू? घरात साखरेचा कण नाही!"

बोलला आणि जागच्या जागी थिजला. गुरुजींना भर वर्गात 'ढ' म्हणाला, तेव्हा त्याला लाज वाटली नव्हती. पाठशाळेच्या भिंतीवरून पळताना धोतर खिळ्याला राहिलं, तेव्हाही नाही. आणि शेजारणीची वाटी रिकामी परत करायची म्हटल्यावर हा शूर वीर तोंड लपवत फिरत होता!

"माझ्यासारखा कोडगा लाजतो," तो ओरडला, "तर नगर का नाही लाजणार?"

दुसऱ्या दिवशी खलित्यासोबत घरोघर छत्रातली एकेक पितळी वाटी गेली. वाटीत जवसाची चटणी. खलित्यात ना पूर्वज, ना पंत. एवढंच: 'आज छत्रात भाकरीबरोबर ही होती. चाखून बघा.'

"वाटी छत्राची आहे हं, उद्या नेईन," एवढं बोलून निंबाजी पुढच्या दारी.

वाट्या आल्या त्या भरून! कुणी तांदूळ घातले, कुणी गूळ. शेजारणीनं तूरडाळ घातलेली बघून एकीनं आपले जोंधळे ओतून घेतले आणि गहू भरले. पंत घरात ओरडत होते, "काही घालू नका!" पंतीणबाई म्हणाल्या, "रिकामी वाटी द्यायला आपण काय भणंग आहोत? सरका!" आणि वाटीवर शीग चढवली.

पुनवेला राजानं निंबाजीला बोलावलं. "लबाडा! मागायचं नाही म्हणालो होतो ना?"

"मागितली ती आमचीच वाटी, महाराज. लोकांनी ती भरून का दिली, ते त्यांना विचारा!"

"असं? म्हणजे एकही घर उरलं नाही?"

"उरलंय ना, एक. खलित्याला पहिलं नाव राणीसरकारांनी घातलंय. आता राजवाड्याला वाटी शोभते का? म्हणून कालच छत्रातली थोरली कढई पाठवली. चौघांनी उचलून आणली. तळाशी चमचाभर चटणी होती बघा. कढई न्यायला आलोय."

पडद्याआडून राणीचा आवाज आला, "रिकामी जायची नाही हं, सांगून ठेवते!"

राजा आधी कपाळावर हात मारून बसला, मग पोट धरधरून हसला. "जिंकलास! माग काय हवं ते!"

"इथून पुढं खलिता मी लिहिणार. आणि पंतांनी तो वाटायचा!"

"दिलं!" राजा म्हणाला आणि अंगावरचा शेला काढून त्यानं निंबाजीच्या खांद्यावर टाकला.

कढई दर आठवड्याला राजवाड्यात येत राहिली. वर्षअखेरीस राजाचं एक अख्खं कोठार रिकामं झालं.