दुसरी हाक

“तुझ्या एसटीच्या मागनं ती पांढरी गाडी कशाला आली गं?”

हिरूमाईनं हे विचारलं तेव्हा शाल्मली नुकती कुठे शेवटच्या थांब्यावर उतरली होती. पाठपिशवीचा एकच पट्टा खांद्यावर चढला होता, दुसरा लोंबत होता.

“कुठली गाडी?” ती म्हणाली.

पण तिला ठाऊक होतं. सकाळी तालुक्याच्या स्टँडवर गाडी बदलताना ती पांढरी चारचाकी उसाच्या गुऱ्हाळाआड उभी होती. घाटाच्या तोंडाशी एसटी चहाला थांबली, तर तीही थांबली. बॉनेट उघडून कुणीतरी आत डोकं घातलं होतं. बंद पडलेली गाडी दुरुस्त करणारा माणूस हातात काही ना काही धरतो. याच्या हातात काहीच नव्हतं.  मग तिनं स्वतःला समजावलं, तशा गाड्या पुष्कळ असतात, पर्यटक असतील.

एसटी वळून धुरळा उडवीत परत गेली. समोर धरणाचं पाणी पसरलं होतं, त्याच्यावर डोंगर ओणवे झाले होते. डांबरी रस्ता इथंच संपत होता. पुढे फक्त पायवाट.

हिरूमाई ही नाथपंथी गोसावीण. खिंडीखालच्या मढीत, लहानशा मठात, एकटी राहायची. वर्षातून एकदा धरणाच्या पाण्याला डोंगरमाथ्यावरून पायी फेरा घालायची. बरोबर कुणाला न्यायचं ते तीच ठरवी. शाल्मली त्याचसाठी आली होती. अट एकच. यायचं ते एसटीनं, आणि पुढं आपल्या पायानं. मागे कुणी पुढारी मढीपर्यंत रस्ता करून द्यायला निघाले होते. माई म्हणाली, “करा की. मी मढी आणखी वर नेते.”

“मी तीन एसट्या बदलून आलेय, माई,” शाल्मली म्हणाली. तिच्या आवाजात जरा तोरा होता. “एकटी. घरात कुणाचा विश्वास नव्हता.”

“बरं.”

“आणि गाडीत काय काय ऐकलं! वरच्या उतारावरून कुणीतरी हाक मारली, ‘गाडी थांबवा हो’ म्हणून. ड्रायव्हरनं वेग कमी केला, पण थांबला नाही. दुसरी हाक आली तेव्हा कचकन ब्रेक. मी शेजारच्या बाईंना विचारलं, असं का? तर म्हणे, पहिल्या हाकेला आमच्यात कुणी ओ देत नाही. रानातलं भूत एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर परत मारील.”

माई हसली नाही.

“मी म्हटलं, आणि माणूस लाजाळू असला तर? त्या म्हणाल्या, तर येईल चालत.” शाल्मली स्वतःच हसली. “सगळी एसटी हसली. अजून किती अंधश्रद्धा आहे ना लोकांत.”

“तू किती वेळा हाक मारतेस?”

“मी?... मला तशी वेळच येत नाही.”

माईनं पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. “दिसतंय.”

गाडीचं दार उघडलं. खाली उतरलेला माणूस पाहून शाल्मलीचा चेहरा पडला. सदूकाका. बाबांचे ड्रायव्हर. ती बालवाडीत होती तेव्हापासूनचे. हातात थर्मास आणि तिची लोकरी टोपी.

“ताई, रागावू नका. साहेब म्हणाले, दिसायचं नाही, पण नजरेआड करायचं नाही.”

“बाबांनीच सांगितलं होतं ना, एकटी जाऊन दाखव म्हणून?” तिचा आवाज चिरकला. “मध्येच गाडीत बसलीस तर डोंगराचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही, असं म्हणाले होते ना?”

“म्हणाले होते. म्हणून तर गाडी मागे ठेवली. बसायची सोय हवी ना.”





सदूकाका माईकडे वळले. “माई, तुम्ही तरी सांगा. उद्या हिचा पाय मुरगळला तर मी साहेबांना काय सांगू?”

“सांग, पाय तिचाच होता.”

सदूकाकांनी थर्मास दुसऱ्या हातात घेतला.  शेवटी म्हणाले, “बरं ताई, मी इथंच थांबतो. थोड्या थोड्या वेळानं हॉर्न देत राहीन. भीती वाटली तर आवाजाच्या रोखानं सरळ उतरून या. कुणाला कळायचं नाही.”

माईनं काठी उचलली.

“खिंडीच्या पलीकडे शिंगणवाडी. तिथनं संध्याकाळची एसटी. ती धरलीस तर पुढच्या फेऱ्याचं बोलू. मी पुढं चालते, तू मागनं ये.”

“बरोबर नाही जायचं?”

“बरोबर आलेलं माणूस कसं आहे ते मला दिसत नाही.”

“आणि वाट चुकले तर?”

“हाक मार.”

“तुम्ही ओ द्याल ना?”

माई निघून गेली होती.

*

भाद्रपद सरत आला होता. उतारभर सोनकी पिवळी झाली होती. खालचं पाणी निळं दिसता दिसता राखाडी झालं, मग दिसेनासं झालं. धुकं कुठून आलं ते शाल्मलीला कळलंच नाही. आत्ता पुढे माईची काठी दगडावर वाजत होती. आत्ता वाजेना.

वाटेला दोन फाटे फुटले होते. दोन्हींवर गवत सारखंच तुडवलेलं.

तेवढ्यात पायाजवळून फडफडत काहीतरी उठलं. ती किंचाळली आणि मटकन खाली बसली. लावरी होती, गवतातलं पाखरू. छोटीशी, मुठीएवढी. 

मग तिनं हाक मारली.

“माई...”

कचेरीतल्या साहेबांच्या दारावर टिचकी मारावी तशी. आत यायचं का, असं विचारणारी. हाक धुक्यात दोन हात गेली असेल नसेल, तिथेच विरली.

ओ आली नाही.

ती थांबली. आपण उगाच ओरडलो असं तिला वाटलं. माई जवळच असेल, ऐकलं असेल, येईल. पुन्हा हाक मारणं बरं दिसत नाही. माणसं म्हणतील, किती घाबरट.

म्हणायला तिथं कुणी नव्हतं...

खालून हॉर्न वाजला. लांबलचक. मग आणखी एक.

किती ओळखीचा आवाज! शाळेच्या फाटकाशी हाच वाजायचा. क्लासच्या दारात, मैत्रिणीच्या लग्नातून लवकर निघताना, कॉलेजच्या सहलीची बस सुटायच्या आत तिला उतरवून घरी न्यायला, हाच. तिनं हाक मारायच्या आधीच ओ देणारा.

तिचे पाय आपसूक तिकडे वळले. उतार सोपा होता. खाली सीट गरम असेल. थर्मासात चहा असेल. कुणाला कळायचं नाही.

ती काही पावलं उतरलीसुद्धा.

आणि थबकली.

सहलीच्या बसमधून उतरतानाही तिनं म्हटलं होतं, “नको ना काका.” एकदाच. हळू. बोलली ते कुणी ऐकलंच नाही, आणि आपण ऐकवलं नाही हे तिच्या ध्यानात कधी आलं नाही. डॉक्टरकीला जायचं नाही हे असंच एकदा. नाशिकच्या त्या मुलाशी लग्न नको, हेही एकदा. दरवेळी तिला वाटायचं, मी सांगितलं होतं.

हॉर्न परत वाजला.

“वाजवू नका!”

तिला आधी कळलंच नाही की हे आपणच ओरडलो.

“सदूकाका, वाजवू नका! मी येत नाहीये!”

खाली शांतता. मग पुन्हा एक हॉर्न. आखूड, चाचरणारा, प्रश्न विचारल्यासारखा.

शाल्मलीनं छातीत मावेल तेवढा वारा भरून घेतला. “जा तुम्ही! घरी जा! बाबांना सांगा, मी गाडीत बसले नाही! सांगा, तिला पुन्हा विचारलं, तरी नाहीच म्हणाली!”

डोंगरानं तिचं ‘नाहीच’ उचललं, समोरच्या कड्यावर आपटलं, आणि परत तिच्या अंगावर आणून टाकलं. तिला आपल्याच आवाजाची भीती वाटली. ती दचकली. पण कानांवर हात गेले नाहीत.

बऱ्याच वेळानं खाली इंजिन सुरू झालं. आवाज वळला, लांब गेला, घाटात उतरला...

आता काहीच वाजत नव्हतं. हॉर्न नाही, काठी नाही. चहूकडे धुकं, खाली कुठंतरी पाणी, आणि मधे ती.  शिंगणवाडीची एसटी तिच्यासाठी थांबणार नव्हती. परत जायला मागे गाडीही उरली नव्हती.

ती चढून पुन्हा दोन वाटांच्या फुटीशी आली. पाठपिशवीचा लोंबणारा पट्टा तिनं आता दुसऱ्या खांद्यावर घेतला.

“माई!”

काही नाही.

“माई! ही दुसरी हाक आहे! मी भूत नाहीये!”

वारा आला. सोनकी हलली.

तिला रडू फुटलं. रडता रडता संताप आला, आणि संतापानं रडू आटलं. ती दोन्ही हात तोंडाभोवती धरून उभी राहिली, पाय रोवून, दारात अडून राहिलेल्या पोरीसारखी.

“माई, ओ द्या! नाही दिलीत तर तिसरी मारीन! चौथी मारीन! उजाडेपर्यंत मारीन! मला पलीकडे जायचंय! ऐकू येतंय का? मला जायचंय!”

अगदी जवळून, डावीकडच्या कारवीच्या जाळीमागून, खडीसाखर चघळत बसलेल्या माणसासारखा निवांत आवाज आला.

“ओ... उतरलीस का गं एकदाची बापाच्या गाडीतनं?”