राजकन्येची जुळी वेल

एका राज्यात एक राणी होती आणि तिला झोप लागत नव्हती. राज्य सुखात होतं, शत्रू दूर होते, राजा धवलसेन शेजारी मजेत घोरत होता. राणी कनकावती मात्र छताकडे बघत एकच गोष्ट उगाळत बसायची: माझ्या लेकीला काही कमी तर पडत नाही ना?

त्या राज्याची एक रीत होती. घरात मूल जन्मलं की दारात द्राक्षाची वेल लावायची. वेल म्हणजे मुलाची जुळी. मूल रडलं की आईने वेलीला ओंजळभर पाणी घालायचं. बाकीच्या आया ओंजळ घालत, कनकावती कळशी घाली. राजकन्या मंजुळा रडली की कळशी. नाही रडली, तर का बरं रडली नाही म्हणून आणखी एक. तिने वेलीसाठी नदीकाठची काळीभोर माती आणवली, वर रेशमी छत ताणलं, वारा लागू नये म्हणून पडदे सोडले. तिच्या जागी दुसऱ्या कुठल्या आईने याहून कमी केलं असतं, असं मला तरी छातीठोकपणे सांगता येणार नाही.

वेल माजली. पानं सुपाएवढी झाली, मणी आवळ्याएवढे. पहिल्या बहराचं आसव निघालं आणि रीतीप्रमाणे पहिला पेला दारी आलेल्या पाहुण्याला दिला. पाहुणा निघाला मायावी कपिलाक्ष. त्याने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"राणी, यात काय आहे?"

"यात सगळं काही आहे."

"यात पाणी आहे. सांगण्यासारखं काही तू या वेलीला घडूच दिलं नाहीस. जोवर ही मुकी, तोवर हिची जुळीही मुकी."

एवढं बोलून तो धूर झाला. आणि सकाळपर्यंत "आई, चिऊ, आई, चिऊ" करणारी मंजुळा गप्प झाली.

वैद्य आले, मांत्रिक आले. राजा म्हणाला, "आणखी थोडं दूध पाजून पाहा." शेवटी वेलीवरच्या रेशमी छताच्या फटीतून रोज आत शिरणारी साळुंकी बोलली. ती एक मणी चोखायची आणि थुंकायची.

"राणीबाई, वेलीची एक काडी कापून घ्या. लेकीला कडेवर घ्या. पश्चिमेच्या टेकडीवर तिघं राहतात. मातीचा दैत्य, झऱ्याची जलदेवी आसरा आणि डोंगरवारा. तिघं देतात थोडं, मागतात फार."

"टेकडीवर? तिथे थंडी असेल. तिला सर्दी झाली तर?"

"तर शिंकेल," साळुंकी म्हणाली.

टेकडीच्या पायथ्याशी दैत्य बसला होता. त्याच्यापुढे मातीचे तीन ढीग होते. "कान लाव," तो म्हणाला, "आणि निवड."

राणीने कान लावला. काळी माती घोरत होती. गाळाची माती जांभया देत होती. तिसरा ढीग मुरमाचा, तांबडा नि खडबडीत. तो मात्र अखंड काहीतरी पुटपुटत होता.

"मुरमात खायला काय मिळणार तिला?" राणीने विचारलं.

"वरवर काहीच नाही. म्हणून मुळं खोल जातील. पाणी साचणार नाही, म्हणून कुजणार नाहीत. खाली दगडांच्या फटीत टेकडीच्या जुन्या गोष्टी आहेत. त्या ऐकल्याशिवाय वेल बोलणार कशी?"

राणीने मुरमात काडी खोचली. पदराआड एक ओंजळ काळी माती लपवली होती, ती दैत्याने हात पुढे करून मागून घेतली.

झऱ्याच्या आसरेने भरलेली कळशी दिली. "ही कधी रिकामी होणार नाही. पण वेलीने मागितल्याशिवाय एक थेंब जरी घातलास, तर झरा आटेल."

"तिने मागितलं हे मला कळणार कसं?"

"दुपारी मान टाकेल, ते मनावर घेऊ नकोस. उन्हात कोणीही मान टाकतं. पहाटेही पानं वर उचलली नाहीत, तर ती खरी तहान."

म्हणायला सोपं! राणी लेकीला घेऊन टेकडीवरच राहिली. काडी फुटली, वेल झाली, आणि रोज दुपारी पानं लोंबू लागली. राणी कळशी उचलायची, साळुंकी खाकरायची, राणी कळशी ठेवायची. समोर मंजुळा मुरमात खेळायची, घसरायची, गुडघे फोडून घ्यायची. राणी अर्धी उठायची. पोर उठून पुन्हा चढायला लागलेली दिसली की परत बसायची. मग एका पहाटे पानं खरोखरच लोंबलेली दिसली. राणीने कळशी ओतली आणि वेल संध्याकाळपर्यंत ताठ झाली. तेव्हा पहिल्यांदा राणीला वाटलं, आपल्याला थोडंफार जमतंय बहुतेक.

तेवढ्यात आला डोंगरवारा. वेलीवर राणीने गुपचूप आपला शालू ताणला होता.

"शालू दे," वारा म्हणाला.

"दिवसा ऊन भाजतं रे. पहाटे थंडीने दात वाजतात."

"दोन्ही हवीत. उन्हाने मण्यांत साखर भरते, थंडीने आंबटपणा टिकतो. नुसती साखर म्हणजे पाक. घडाभोवतीची दाट पानंही काढ. मला आतून वाहू दे, नाहीतर घड कुजतील."

राणीने शालूच्या गाठी सोडल्या. शालू उडाला, ढगात गेला, आणि संध्याकाळचं आभाळ आजही कधीकधी त्याच्या जरीचं दिसतं.

अशी वर्षं गेली. छाटणी झाली, बहर आला, घड लागले. पण मणी! बोराच्या बीएवढे, काळे, जाड सालीचे. राणी साळुंकीला म्हणाली, "महालात आवळ्याएवढे होते गं!"

साळुंकीने एक मणी फोडला. थुंकली नाही. डोळे मिटून चव घोळवली.

"मुरूम," ती म्हणाली. "मग दगड. मग थंडीची एक पहाट. राणीबाई, ही बोलते आहे."

पुढे त्या मण्यांचं आसव झालं. कपिलाक्षाने ते चाखून पेला पुन्हा पुढे केला. राज्यातल्या साऱ्या वेली दारातून उतारावर गेल्या, आणि राणीच्या हातीही कळशीच्या जागी ओंजळ आली. भाट गातात की, साळुंकीने मणी फोडला त्याच दिवशी राजकन्येने पृथ्वी, जल आणि वायू यांना वंदन करणारा श्लोक म्हटला. भाटांना काय, पोटासाठी गावं लागतं. झालं ते असं.

राणीने एक मणी मंजुळेच्या तोंडात घातला. पोरीने चावला. आंबटाने एक डोळा मिटला, खांदे कानांपर्यंत गेले. पाणी हवं का, दूध हवं का, थुंकतेस का, सगळे प्रश्न राणीच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले, दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून धरले आणि डोळे विस्फारून लेकीकडे बघत राहिली. राजा धावत टेकडी चढून आला होता, तोही धापा टाकत उभा राहिला. वारा थांबला.

मंजुळेने साल चघळली, गिळली, तळहात पुढे केला आणि म्हणाली,

"अजून एक दे. आणि आई, अशी बघत नको ना बसू."