टेंबे सरांचा तिसरा थेंब

खरवली गावच्या कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, सखाहरी नावाचा एक भोळा शिपाई होता. वय पंचेचाळीस, मिशा झुबकेदार. आणि सांगितलेला शब्द कधी खाली पडू द्यायचा नाही. तेच तर दुखणं होतं.

तिथल्या टेंबे सरांनी तीस वर्षांपूर्वी काचेच्या नरसाळ्यात डांबर भरून ठेवलं होतं. हातोडी मारली तर खडकन फुटेल असं घट्ट डांबर. पण नुसतं राहू दिलं तर ते हळूहळू वाहतं, आणि दहाएक वर्षांत त्याचा एक थेंब पडतो. तो पडताना एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच सरांची इच्छा. पहिला थेंब पडला तेव्हा सर बायकोच्या डोहाळजेवणाला गेलेले. दुसऱ्या वेळी कॅमेरा लावला, तर नेमकी वीज गेली. आता तिसरा लोंबत होता आणि सर शनिवारी निवृत्त होणार होते.

सोमवारी सर नाजूक तराजूवर चिमूटभर मीठ तोलत होते. सरांना घाम आलेला बघून सखाहरीनं पंखा लावला. मीठ गेलं उडून.

"अरे बाबा, अशा वेळी पंखा बंद करायचा! श्वाससुद्धा रोखून उभं राहायचं!"

"बरं सर. पुढल्या वेळी तस्संच करीन."

मंगळवारी खिडकीचा पडदा पेटला. सखाहरीनं पंखा बंद केला आणि श्वास रोखून उभा राहिला. तोंड जांभळं झालं, पडदा काळा झाला, पण गडी हलला नाही.

"अरे शहाण्या, साधी ठिणगी दिसली तरी बादलीभर पाणी ओतायचं!"

"बरं सर. पुढल्या वेळी तस्संच करीन."

बुधवारी प्राचार्या चौगुले मॅडम नवी इरकल नेसून लेझरचा प्रयोग बघायला आल्या. किरण आरशावरून वळला आणि त्याचा लाल ठिपका मॅडमच्या खांद्यावर पडला. सखाहरीनं बादली उचलली. पुढचं काय सांगायचं? मॅडमचा अंबाडासुद्धा गळत होता.

"अरे, तो नुसता उजेड होता! इथं काही घडताना दिसलं की मध्ये पडायचं नाही. टक लावून बघायचं आणि वहीत वेळ लिहायची!"

"बरं सर."

गुरुवारी दुर्बिणीचं मोठं भिंग टेबलावरून घरंगळलं. सखाहरी समोरच होता. मध्ये पडला नाही. टक लावून बघितलं. भिंगाचे तुकडे झाले आणि वहीत नोंद झाली: अकरा वाजून बारा मिनिटं, भिंग पडलं. अक्षर मात्र झकास हं.

सर रडकुंडीला आले. "अरे कर्मा! पडताना दिसलं की झेलायचं! वेळ कसली लिहितोस? झेलायचं आणि होतं तिथं नीट बसवायचं!"

"बरं सर. पुढल्या वेळी तस्संच करीन."

शुक्रवारभर सर थेंबापुढून हलले नाहीत. शनिवारी डबाही तिथंच खाल्ला. थेंब आता केसाएवढ्या तंतूवर लोंबत होता. चार वाजता निरोप आला: सत्काराला सगळे खोळंबलेत. सर नको नको म्हणत राहिले. शेवटी चौगुले मॅडम स्वतः आल्या. बुधवारची बादली आठवून सरांना नाही म्हणवेना.

"सखाहरी, मी आलोच. थेंबापाशीच थांब. कुठ्ठं जाऊ नकोस!"

भाषणं निम्मी टाकून, शाल, हार, नारळ सगळं अंगावर घेऊन सर धापा टाकत परतले. थेंब वर होता! पण तंतू कुठाय? थेंब नरसाळ्याला गच्च चिकटलेला, आणि सखाहरीचे हात काळेकुट्ट.

"प-पडला?"

"पडला होता, सर. पण खाली लागू दिला नाही. वरच्यावर झेलला, दिव्यावर जरा शेकला आणि होता तिथं नीट बसवला."

सर मटकन खाली बसले. नारळ हातातून सुटला. सखाहरीनं तोही झेलला आणि पुन्हा सरांच्या हातात बसवला.

"तीस वर्षं वाट बघितली रे," सर नारळ कुरवाळत म्हणाले. "निदान एवढं तरी सांग, पडताना कसा दिसला?"

"बघितलं कुणी, सर? हातावर डांबर पडणार म्हणून भ्या वाटलं, डोळे गच्च मिटले. पण तुम्ही आता निवांत घरी जा. असा पक्का बसवलाय, दहा वर्षं हलायचा नाही!"