थोरलीचा सत्कार

झाडांनाही सत्कारांचा नाद होता, त्या काळची गोष्ट. मंदाकाकूंच्या परसात स्ट्रॉबेरीच्या दोन बहिणी नव्यानेच लावल्या होत्या. पहिल्या वर्षी आधी मुळं बळावीत, म्हणून काकू त्यांची फुलं खुडत. थोरलीने मात्र एक फूल पानाआड लपवलं आणि ऐन थंडीत तिला शेंगदाण्याएवढं फळ लागलं.

लगेच फणसाच्या अध्यक्षतेखाली तिचा सत्कार झाला. "एवढ्याशा वयात केवढं हे कर्तृत्व," फणस म्हणाला आणि धाकटीकडे वळला. "तुझं काय गं?"

"काकू म्हणतात, आधी मुळं," धाकटी चाचरत म्हणाली.

"मुळं कुणाला दिसतात, बाई?" कढीपत्ता हसला. धाकटीला वाटलं, आपला जन्मच वाया गेला.

उन्हाळ्याचा तडाखा बसला तशी थोरली चार दिवसांत वाळून गेली. पुढच्या थंडीत धाकटी अशी लगडली की पानं दिसेनात. तिने भीतभीतच विचारलं, "फणसकाका, आता माझा सत्कार?"

"दुसऱ्या वर्षी काय, कुणालाही फळं लागतात," फणस म्हणाला. "पलीकडच्या रोपाला पंधराव्या दिवशीच कळी आलीय. आज त्याचा सत्कार आहे. तुझी फळं तेवढी पाहुण्यांसाठी लागतील."