केरोबाचे हलके-भारी

एका गावात एक भोळा बाप होता. त्याचे नाव केरोबा. कानावर पडलेला शब्द जसाच्या तसा उचलायचा, ही त्याची सवय. कोणी 'जरा थांबा' म्हटले, तर तो जराच थांबे आणि पुढे निघून जाई. पाहुणे 'येतो हं' म्हणून उठले, तर 'या, या' म्हणून त्यांना पुन्हा बसवी.

त्याची बायको सगुणा मात्र शहाणी होती. त्यांची मुलगी मंदा हिला जयवंत नावाच्या मुलाचे स्थळ सांगून आले होते. मुलगा मंदाच्या मनात भरला होता. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे मुलाची आई. कमळजाबाई मुलगी पाहण्याआधी घरातली मोरी पाहत. फरशीवर बोट फिरवीत आणि ते बोट उजेडात धरीत. बोटाला काही लागले, की स्थळ मोडले! अशी दोन स्थळे त्यांनी मोडली होती. शिवाय भारीतल्या औषधावाचून मोरी स्वच्छ निघतच नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

कमळजाबाई गुरुवारी येणार होत्या. बुधवारी सकाळी सगुणाने मोरी पाहिली. नळाखाली वीतभर काळा डाग होता. दिवाळीत आकाशकंदील रंगवताना मंदानेच तिथे रंग सांडला होता.

"अहो," सगुणा म्हणाली, "रतनशेठच्या दुकानातून मोरी धुवायचं औषध आणा. हलकंसलकं नको. भारी आणा."

"आलं लक्षात!" केरोबा म्हणाला आणि निघाला.

रतनशेठने त्याच्यापुढे दोन वस्तू ठेवल्या. एक मोगऱ्याचे चित्र असलेली नाजूक बाटली आणि एक लाल झाकणाचा पाच लिटरचा डबा. केरोबाने एका हातात बाटली घेतली, दुसऱ्या हातात डबा घेतला आणि दोन्ही हात खाली-वर केले.

"शेठ, ही बाटली हलकी आहे."

"हलकी? केरोबा, अख्ख्या दुकानात याहून भारी औषध नाही!"

"मला नका सांगू. हातात धरली आहे मी."

डबा डोक्यावर घेऊन तो घामाघूम होऊन घरी आला. सगुणाने कपाळाला हात लावला.

"अहो, भारी म्हणजे जड नव्हे! भारी म्हणजे महागाचं. किंमत विचारायची, वजन नाही करायचं!"

"आलं लक्षात! आता नाही चुकायचो."

तो पुन्हा दुकानात गेला.

"शेठ, तुमच्याकडे सगळ्यांत महाग काय आहे?"

रतनशेठने क्षणभर विचार केला. "केशर."

"द्या."

"घरी काही कार्य आहे वाटतं?"

"मोरी धुवायची आहे."

रतनशेठने एकदा त्याच्याकडे पाहिले. मग त्याने निमूटपणे डबी काढून दिली. गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीत पडू नये, हा त्याच्या दुकानाचा नियम होता.

केरोबा थेट मोरीत गेला. त्याने केशराची पहिली चिमूट उचलली, एवढ्यात सगुणाने त्याचे मनगट धरले.

"अहो, काय करता हे! केशर शिऱ्यात घालतात!"

"मग मोरी कशाने धुवायची? शिऱ्याने?"

सगुणाने कागद घेतला, त्यावर औषधाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले आणि म्हणाली, "ही चिठ्ठी शेठना दाखवा आणि लगेच परत या."

"आलं लक्षात!"

केरोबाने चिठ्ठी शेठना दाखवली आणि तो लगेच परत आला.

"बाटली कुठे आहे?"

"बाटलीचं तू कुठे म्हणालीस? चिठ्ठी दाखवायची आणि यायचं. दाखवली. आलो."

अखेर मंदाच जाऊन बाटली घेऊन आली.

सगुणा काटकसरी होती, आणि चौकसही होती. दोन्ही औषधे घरात आलीच आहेत, तर पारख करून पाहावी, असे तिने ठरवले. डागाच्या मधोमध तिने खडूने रेघ ओढली. डाव्या बाजूला डब्यातले स्वस्त औषध टाकले, उजव्या बाजूला बाटलीतले महागाचे. दोन्ही बाजू सारख्याच घासल्या, सारख्याच पाण्याने धुतल्या आणि वाळू दिल्या. डाग दोन्हीकडचा गेला. फरशी दोन्हीकडे सारखीच लखलखली. उजवीकडे मोगऱ्याचा वास येत होता, फरक असलाच तर तेवढाच.

"पाहिलंत?" सगुणा म्हणाली. "नुसतं भारी म्हणून भुलू नये. हलक्यातलं एक आणावं आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून बघावं. काम तेवढंच होत असेल, तर भारीतलं कशाला घ्यायचं?"

केरोबाला हे फार पटले. दिवसभर तो हेच घोकत होता.

गुरुवारी कमळजाबाई जयवंतला घेऊन आल्या. त्या येण्यापूर्वी सगुणाने नवऱ्याला बजावले होते, "आज विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. खरं आणि थोडक्यात."

"आलं लक्षात!"

शिरा पुढे आला. कमळजाबाईंनी एक घास घेतला.

"अगबाई, रंग काय सुरेख आलाय! काय घातलंय यात?"

"मोरी धुवायला आणलेलं," केरोबा म्हणाला. उत्तर खरे होते, आणि थोडक्यातही होते.

कमळजाबाईंचा चमचा वाटेतच थांबला. सगुणा धावत केशराची डबी घेऊन आली. कमळजाबाईंनी डबी हुंगली, पुन्हा हुंगली, तेव्हा कुठे चमचा पुढे सरकला.

"तुम्ही मोरी केशराने धुता?"

"धुणार होतो. हिने हात धरला."

जयवंत खाली मान घालून शिरा खात होता. त्याचे खांदे मात्र हलत होते.

कमळजाबाईंनी वाटी खाली ठेवली. "हे बघा, मी स्पष्ट विचारते. राग मानू नका. तुमच्या घराला काही डाग वगैरे नाही ना?"

"होता," केरोबा म्हणाला.

"काय?"

"चांगला मोठा होता. काळाकुट्ट. आमच्या मंदामुळेच लागला."

दाराआड मंदाच्या हातून तांब्या पडला.

"पण काल आम्ही तो धुऊन काढला. आता शोधूनही सापडायचा नाही. दाखवू का जागा?"

कमळजाबाई ताडकन उठल्या आणि केरोबाच्या मागोमाग गेल्या. पाहतात तो काय, पुढे मोरी! त्यांनी एक लांब श्वास सोडला. मग सवयीप्रमाणे त्या खाली वाकल्या, डाव्या बाजूवर बोट फिरवले आणि ते उजेडात धरले. बोट कोरे होते.

"बघा! भारीतलं औषध लगेच कळतं. मी नेहमी सांगते, पण कोणी ऐकत नाही."

"ती डब्याची बाजू," केरोबा म्हणाला. "हलक्यातली."

कमळजाबाईंनी उजव्या बाजूवर दुसरे बोट फिरवले. दोन्ही बोटे उजेडात शेजारी शेजारी धरली. एकदा हे बोट पाहिले, एकदा ते पाहिले.

"सारखीच आहेत," त्या अगदी हळू म्हणाल्या. आणि मग त्यांना हसू आले. घरादारात कोणी न पाहिलेले, मोकळे हसू!

बैठकीत परतल्यावर त्या म्हणाल्या, "आम्हाला मुलगी पसंत आहे. आता तुम्ही सांगा. आमचा जयवंत म्हणजे भारी मुलगा आहे. पसंत आहे ना तुम्हाला?"

सगुणा 'हो' म्हणणार, तोच केरोबा उठला. त्याने जयवंतला खालून वर न्याहाळले, मग वरून खाली न्याहाळले.

"एवढ्यात कसं सांगू?"

"म्हणजे?"

"नुसता भारी म्हणून मी भुलायचो नाही. हलक्यातला एक आणतो आणि दोघांना शेजारी शेजारी लावून बघतो. काम तेवढंच होत असेल, तर भारीतला कशाला घ्यायचा?"

सगुणाने पदरात तोंड लपवले. केरोबा दाराकडे निघालाही. तेवढ्यात जयवंतने वाटी पुढे केली.

"अवश्य आणा. तोवर मी बसतो इथेच. शिरा आहे ना अजून?"

दाराआडून मंदाचे हसू ऐकू आले. कमळजाबाईंनी दाराकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "विहीणबाई, आधी व्याह्यांना बोलवा मागे!"

पण विहीणबाई अंगणात पोहोचेपर्यंत व्याही केव्हाच दुकानात पोहोचले होते.

"शेठ, हलक्यातला एखादा जावई आहे का? घ्यायचा नाही हो, नुसता शेजारी लावून बघायचाय. डब्यातला असला तरी चालेल!"