डाव्या दांडीवरचा खळगा

दहावीच्या तीन बॅच शाळेतून बाहेर पडल्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. शाळेच्या कार्यशाळेत स्पर्धेच्या रोबोचा एक रिमोट होता. त्याला दोन दांड्या. तो हाताळणारी केतकी डावखुरी होती, म्हणून तिनं रोबोची चाकं डाव्या दांडीवर घेतली होती आणि पंजा उजव्या. तिच्या अंगठ्यानं डाव्या दांडीच्या रबराला खळगा पडला होता.

केतकी दहावी होऊन गेली. तिच्या जागी रेवती आली. तिनं उजवी दांडी ढकलली, तर रोबो पुढे जायचा सोडून पंजा उघडून बसला आणि त्यातला चेंडू खाली पडला. सरांनी दांड्यांची मांडणी बदलायचं बटण दाबलं, पण रिमोटनं ते हट्टानं आत जाऊच दिलं नाही.

"नवीनच मागवू," सर म्हणाले, आणि जुना रिमोट फळीवर गेला.

फळीवरून तो रोज दाराकडे बघत बसायचा. शेजारची म्हातारी पक्कड एकदा वैतागली. "अरे, कुणाची एवढी वाट बघतोस?"

"केतकीची. मांडणी पुसली आणि ती आली तर?"

"आली तर बघायला येईल रे, चालवायला नाही."

त्या दिवसापासून रिमोटनं दाराकडे बघणं सोडलं.

स्पर्धा तोंडावर आली तरी नवा रिमोट आला नाही, म्हणून रेवतीनं त्यालाच पुन्हा उचललं. या वेळी बटण मुकाट्यानं आत गेलं. चाकं उजवीकडे आली, पंजा डावीकडे. केतकीचं सगळं पुसलं गेलं.

रेवतीनं दोन्ही दांड्यांवर अंगठे टेकले आणि डावीवर जरा थबकली.

"सर, इथे अंगठा किती छान बसतो!"